थोरल्याच्या मापाचे बूट

इतिहास शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या आजोबांबद्दल काडीचीही माहिती नसावी, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. ती मिरवत होती असंही नाही म्हणा. घरात तो विषय कधी निघालाच नव्हता. वर्गात मोठ्या युद्धाचा धडा आला की ती सनावळी फळ्यावर लिहायची, सेनापतींची नावं घोकून घ्यायची आणि शहर रिकामं केल्याचा भाग आला की पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं सांगायची: 'नागरिकांचे स्थलांतर नदीवरील पुलावरून शिस्तीत पार पडले.' रिकाम्या जागा भरा, एक गुण. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

यंदा तिला हौस आली. तिनं पोरांना सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरातला त्या काळातला एक माणूस शोधा, आणि युद्ध चालू असताना तो काय करत होता ते वर्गात सांगा. पोरांनी कुठून कुठून पणजोबा हुडकून आणले. एकाचे पणजोबा म्हणे सगळं युद्ध आजारपणाची रजा काढून घरी झोपले होते. वर्ग हसून हसून लोळला. आणि मग व्हायचं तेच झालं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुमच्या घरी कोण होतं?" बाई म्हणाली, "माझे आजोबा बूट शिवायचे." पुढे काय, हे तिलाच ठाऊक नव्हतं. घंटा झाली म्हणून अब्रू वाचली.

बाबांसमोर आजोबांचं नाव काढायचं नाही, हे त्या घरात कुणी न सांगता पाळलं जायचं. आई होती तोवर ती डोळे वटारायची, आई गेल्यावर बाबांचा चेहराच पुरे व्हायचा. बाबांनी सहीतून बापाचं नाव कधीच काढून टाकलं होतं. आजोबा गेल्याचा निरोप आला, तेव्हा शेवटचं तोंड पाहायलासुद्धा ते गेले नव्हते. कारखान्यात लेथवर उभं राहून त्यांनी त्या दिवशी पूर्ण पाळी केली, आणि वर जास्तीची अर्धी.

आता तेच बाबा चौऱ्याऐंशीचे होऊन खिडकीजवळच्या खाटेवर पडले होते. नाकात नळी, शेजारी घुरघुरणारं मशीन. डॉक्टरांनी तिला जिन्यात बोलावून सांगितलं होतं, "फुप्फुसं थकलीत. आता त्यांना काय हवं-नको ते बघा." म्हणजे काय, हे न कळायला ती दूधखुळी नव्हती. हवं-नको बघायला बाबांना काही नकोच होतं. सूप नको, पेपर नको, टीव्ही तर नकोच. तिला एकच गोष्ट खात होती. एवढा सरळ माणूस, कुणाचं कधी वाईट चिंतलं नाही, आणि बापाबद्दल मनात एवढी मोठी अढी घेऊन जाणार. ती अढी कसली, हेही पोटच्या पोरीला माहीत नाही.

म्हणून एका दुपारी तिनं हिय्या करून विचारलंच. बाबांनी छताकडे बघत म्हटलं, "काय गं मास्तरीण, परीक्षेला आलाय का हा प्रश्न?"

"आलाय असं समजा."

"मग लिहून घे. तुझा आजोबा निर्दयी होता. खाली रेघ मार."

ती हलली नाही. मग थांबत थांबत, दम खात, त्यांनी सांगितलं. ते सात वर्षांचे होते, थोरला भाऊ अकराचा. त्यांची आई नव्हतीच, ती बाबांच्या जन्माच्या वेळीच गेली होती. शत्रू उंबरठ्यावर आलाय अशी आवई उठली आणि सगळं शहर पुलाकडे लोटलं.

"म्हाताऱ्याच्या एका हातात माझा हात," बाबा म्हणाले. "दुसऱ्या हातात अवजारांची पेटी. थोरल्याला म्हणाला, मागून माझा सदरा धर, काही झालं तरी सोडू नको. पुलावर माणसावर माणूस. मी तर चाललोच नाही, उचललाच गेलो. पलीकडे उतरलो, तर सदरा होता, धरणारा नव्हता."

"मग? मागे फिरले नाहीत?"

"फिरायला पूल कुठे होता? आपल्याच लोकांनी उडवला संध्याकाळी. शत्रू येऊ नये म्हणून." बाबांना खोकल्याची उबळ आली. तिनं पाणी दिलं. ते त्यांनी बाजूला सारलं. "ते सोड. ते युद्ध होतं. पण सगळं संपल्यावर आम्ही परत आलो ना, तर दुसऱ्याच दिवशी ह्यानं दुकान उघडलं. हातोडी सुरू. ठक ठक ठक. थोरल्याचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. एकदाही नाही! मी विचारलं, की म्हणायचा, जेव. पेटी सोडली नाही त्यानं, पोरगा सोडला. आणि विसरूनही गेला. सोळाव्या वर्षी हे तोंडावर बोललो आणि घराबाहेर पडलो. कुणीतरी थोरल्याची बाजू घ्यायला नको?"

एवढं बोलून बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. शिस्तीत पार पडले, म्हणे. किती पोरांना एक-एक गुण दिला होता तिनं त्या वाक्याचा! तिला स्वतःची शरम वाटली, आणि त्या अकरा वर्षांच्या काकाची, ज्याला तिनं कधी काका म्हटलंच नव्हतं, दया आली.

मग तिनं वाचनालय गाठलं. त्या युद्धावर कपाटंच्या कपाटं भरली होती. पुलाचा नकाशा मिळाला, तो उडवणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो मिळाला, सेनापतीच्या घोड्याचं नावसुद्धा मिळालं. त्या गर्दीत हरवलेल्या पोरांबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि बूट शिवणारे तर कुठेच नव्हते, जसं काही सगळं सैन्य अनवाणी लढलं! परत आलेल्या लोकांनी काय खाल्लं, काय पांघरलं, यावर एक पातळसं प्रकरण होतं. त्यात एवढंच होतं की चामडं मिळत नसे आणि मुलं लाकडी तळव्यांचे जोडे घालत. पुस्तक मिटताना तिच्या मनात आलं, ज्या काळात चामड्याचा तुकडा मिळत नव्हता, त्या काळात हा माणूस रोज सकाळी दुकान उघडून करत काय होता?

दुकान अजून होतं. फार दिवस राहणार नव्हतं, कारण रस्ता रुंद होणार म्हणून ती सगळी ओळच पाडणार होते. आजोबांच्या मागे ते त्यांच्या हाताखालच्या माणसाकडे गेलं होतं. बाबा त्याला आयतोबा म्हणत. "आयतोबानं दुकान लाटलं," यापलीकडे त्या माणसाबद्दलही घरात बोलणं नव्हतं. ती कधी त्या गल्लीत फिरकली नव्हती.

दार अरुंद, आत सरसाचा आणि मेणाचा वास. तळवे, टाचा, लेस, पॉलिशच्या डब्या, आणि या सगळ्याच्या मधोमध एक वाळका म्हातारा बसला होता. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "नाक तर ओळखीचं आहे. त्याची नात ना तू? ये, आत ये. बाप जिवंत आहे का अजून माझ्यावर दात-ओठ खायला?"

"आहेत, काका. पण आजारी आहेत. फार."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "अरेरे," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान की गं तो."

"काका, माझे आजोबा कसे होते?"

"मुके."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंडात जीभ होती, पण कामापुरती. गिऱ्हाइकाला विचारायचे, कुठे चावतोय? बास. सबंध दिवसाचं संभाषण आटोपलं." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "आता आलीच आहेस तर माळ्यावर चढ. मला शिडी झेपत नाही. उद्या गाडी येणार आहे सगळं उचलायला. त्यांचंच सामान आहे वर. तुझा हक्क आहे. खाली तर दे, काय हवं ते ने."

पदर खोचून ती वर चढली. माळाभर लाकडी पावलं टांगलेली होती, जोडी-जोडीनं, दोरीला बांधून. कुणी नुसतीच पावलं कापून वाळत घातल्यासारखं वाटून ती दचकलीच. काका खालून हसला. "घाबरू नकोस. फर्मे आहेत ते. ज्याच्या पायाचा बूट, त्याच्या पायाचा फर्मा. त्याच्यावर चामडं ताणून शिवायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा. चिठ्ठी वाच आणि खाली दे."

ती एकेक जोडी काढून वाचत गेली: बँडमास्तर. दाताचे डॉक्टर. कोपऱ्यावरची धोबीण. जुने हेडमास्तर. काहींवर चामड्याचे छोटे तुकडे ठोकलेले होते, कुठे अंगठ्याच्या सांध्यावर, कुठे टाचेवर. तिनं विचारलं, तेव्हा काकानं सांगितलं, पाय काही आयुष्यभर सारखा राहत नाही. हाड वाढतं, सूज येते. दर वेळी नवं लाकूड कुठून कोरणार? मग जिथे पाय वाढला तिथे चामडं ठोकायचं, आणि कानशीनं घासून सारखं करायचं. ती वाचत राहिली, खाली देत राहिली. माळा रिकामा होत आला. सगळ्यात मागे, भिंतीच्या खिळ्याला एक जोडी होती. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. हातात घेतली तर जड, गाठाळ. नखशिखांत चामड्याचे थर, एकावर एक, टोकाला तर एवढे, की आतलं लाकूड फक्त टाचेपाशी थोडंसं दिसत होतं.

"ही कुणाची, काका? एवढा वाईट पाय कुणाचा होता?"

काकानं ती जोडी हातात घेतली आणि एकदम मान खाली घातली. मग म्हणाला, "खाली ये. बस इथे. हे तुझ्या बापाला सांगायला मी एकदा कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो. त्यानं चार लोकांत मला आयतोबा म्हणून हाकललं. मीही तापट. म्हटलं, मर तिकडे. तेव्हा सांगायला हवं होतं गं."

आणि त्यानं सांगितलं. थोरला आणि तो एका वर्गातले, एका बाकावरचे. युद्धानंतर सगळे परतले त्या वर्षी आजोबांनी त्याला रस्त्यातून हाक मारली, आत बसवलं, कागदावर पाय ठेवायला लावला आणि पेन्सिल फिरवली. आठवड्यानं नवे कोरे बूट दिले. त्या काळात! अख्ख्या गल्लीत कुणाच्या पायात धड चामडं नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा हाक, पुन्हा कागद, पुन्हा बूट. पैसे नाहीत, एक शब्द नाही. बूट तयार झाले की आधी काही दिवस फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि मगच त्याच्या हातात द्यायचे.

"पण चावायचे गं ते बूट!" काका म्हणाला. "माझे पाय हे असे, बदकासारखे फताडे. आणि बूट निमुळते. लांबी बरोबर, रुंदी अशी की जीव जाई. आई म्हणायची, फुकटचे आहेत, गप घाल. मी म्हणायचो, एवढा कसबी माणूस, बड्या लोकांचे बूट शिवतो, आणि माझं माप ह्याला जमेना? मग मी इथे कामाला लागलो. एक दिवस हा फर्मा हाती आला. हे आतलं लाकूड बघ. पोराचा पाय आहे हा. निमुळता. थोरल्याचा." त्यानं टाचेवरून बोट फिरवलं. "माझ्याकडून फक्त लांबी घेत होते ते. आपला पोरगा आज केवढा झाला असेल, ते माझ्यावरून बघायचे आणि तेवढं चामडं ह्याच्यावर चढवायचे. रुंदी त्याचीच राखली. दारात येऊन उभा राहिला, तर बूट तयार नकोत का? नाही आला, की मला द्यायचे. पुढच्या वर्षीचे शिवायला बसायचे."

तिनं ती जोडी त्याच्या हातातून आपल्या मांडीवर घेतली.

"शेवटी एकदा मला विचारलं, पाय आता वाढत नाही ना रे? मी म्हटलं, नाही, थांबला. म्हणाले, बरं. त्या दिवशी भरदुपारी दुकान बंद केलं. मग हा वर टांगला तो टांगलाच."

ते दोन फर्मे पिशवीत घालून ती घरी निघाली तेव्हा तिला रस्ता दिसत नव्हता. रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी आनंदही होत होता. आजोबा विसरले नव्हते! आयुष्यभर ज्या गोष्टीनं बाबांना जाळलं, ती गोष्ट झालीच नव्हती. आता बाबांना सांगायचं, आणि बाबा सुटणार. बसमध्ये ती पिशवी पोटाशी धरून बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "भांडी का हो?" ती नुसतीच मान हलवून हो म्हणाली.

बाबा जागे होते. तिनं फर्मे पांघरुणावर ठेवले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, घाईघाईनं, मधला श्वासही न घेता. आयतोबाचं नाव निघालं तेव्हा बाबांच्या कपाळावर आठी पडली, पण ते ऐकत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. चाळीस वर्षं लोखंडाचे थर बोटांनी जोखलेला माणूस तो. नखानं एकेक थर चाचपत ते टाचेकडून टोकाकडे गेले. टाचेचं लाकूड त्यांनी अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चोळलं.

"केवढा झाला असता," ते म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला. तिनं बाबांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. तिनं त्यांचं डोकं छातीशी धरलं, नळी सरकू नये म्हणून एका हातानं ती धरून ठेवली आणि स्वतःही रडून घेतलं.

"म्हणजे विसरला नव्हता," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा."

"रोज त्याचाच विचार होता त्याच्या डोक्यात."

"हो, बाबा. रोज."

तिला वाटलं, झालं. तिनं त्यांचे डोळे पुसले, उशी सारखी केली, मशीनचं बटण बघितलं. बाबा शांत पडले होते. फर्मे त्यांनी सोडले नव्हते. बऱ्याच वेळानं ते बोलू लागले तेव्हा आवाज अगदी साधा होता. राग नव्हता त्यात.

"मला बाजारातले आणायचा. ढिगातले, दोरीनं जोडी बांधलेले. आधी मोठे म्हणून कागद कोंबायचे, मग तेच लहान व्हायचे तरी चालवायचे. मी कधी काही म्हटलं नाही. मला वाटायचं, थोरला गेल्यापासून लहान पोरांचे बूट त्याच्या हातून होत नसतील. होतं ना तसं माणसाचं? मी हेच धरून चाललो होतो. एवढा राग केला त्याचा, पण बुटांवरून कधी केला नाही." मशीन घुरघुरत होतं. "आयतोबाच्या पायात दर वर्षी नवे दिसायचे, तर मला वाटायचं त्याचा बाप पैसेवाला आहे."

काय करून बसलो आपण, असं तिला वाटलं. बाबा इतकी वर्षं थोरल्यासाठी भांडत होते. ते भांडण तिनं आज एका फटक्यात मिटवून टाकलं होतं, आणि त्याच्याखाली काय झाकलेलं होतं, ते आता उघडं पडलं होतं.

"मास्तरीण," बाबांनी विचारलं, "माझा होता का गं तिथे?"

माळा तिनं आपल्या हातानं रिकामा केला होता. बँडमास्तर होता, धोबीण होती, दाताचे डॉक्टर होते. एकेक चिठ्ठी वाचून तिनं खाली दिली होती. वर्गात ती पोरांना नेहमी बजावायची, इतिहासात आपल्याला हवं ते घुसडायचं नाही.

"अर्धाच माळा बघून झाला, बाबा," ती म्हणाली. "मागचा सगळा राहिलाय. उद्या जाते ना."

"असेल तर मागेच असेल. लहान असेल, दिसायचा नाही चटकन."

"नीट बघते."

"माझा कसा ओळखशील? चिठ्ठ्या पडून गेल्या असतील." बाबा उठायची धडपड करू लागले. तिनं त्यांना धरलं. त्यांनी पांघरूण सारून डावा पाय तिच्याकडे सरकवला. "मोजा काढ. काढ गं, लाजतेस काय! बघून ठेव. हे दुसरं बोट अंगठ्यावर चढलंय, दिसतंय? आणि ही दोन आत वळलीत. लहानपणापासून तशीच आहेत. फर्म्यावर ते असणारच. म्हातारा असलं काही सोडायचा नाही. त्यावरून ओळखशील बघ."

तिनं पाय मांडीवर घेतला. तोकड्या बुटांत वाढलेल्या पायाची बोटं अशी होतात, हे कळायला तिला कुणा कारागिराची गरज नव्हती. पन्नास वर्षं ती या माणसाची मुलगी होती, आणि हा पाय तिनं आज पहिल्यांदा बघितला.

"दिसलं का नीट?" बाबांनी विचारलं.

"दिसलं," ती म्हणाली, आणि पाय तसाच धरून बसून राहिली.